वच्छलाची चाल

मौजे मोहटोला, टपाल नागभीड, जिल्हा चांदा
२४ नोव्हेंबर १९५७

तोमीबाई,

लटारू शिंप्याचा रामराम घ्यावा. ओळख पटली नसेल तर आठवण करून देतो. मागच्या वर्षी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तुमची जपानी सिनेमा कंपनी आमच्या गावात उतरली होती. तेव्हा मोहाच्या झाडाखाली शिलाई मशीन घेऊन बसलेला, मिशी नसलेला इसम तो मीच. तुमच्या सिनेमातला ब्रह्मदेश मी शिवला. खऱ्या ब्रह्मदेशात जायचा परवाना मिळाला नाही म्हणून तुमच्या डायरेक्टरसाहेबांनी आमचं धान आणि आमचं जंगल पसंत केलं, आणि सारा गाव लुंग्या नेसून ब्रह्मी झाला. आमच्या नाटक मंडळाचे मालक मुखरूभाऊ अजून सांगत असतात की मोहटोल्याने आजवर केलेला सगळ्यात मोठा पार्ट तोच.

हे पत्र मराठीत लिहून वर्ध्याकडच्या भिक्खूबाबांना पाठवतो आहे. तेव्हा तुमचं बोलणं आम्हाला आणि आमचं तुम्हाला त्यांनीच सांगितलं. आताही त्यांनीच हे तुमच्या भाषेत करावं आणि पुढं धाडावं अशी त्यांना विनंती आहे.

बाई, गावात तुमचा विषय निघाला की आधी हसू येतं, राग मानू नका. ग्रामसेवक त्याआधीची दोन वर्षं आमच्या कानीकपाळी ओरडत होता की जपानी पद्धतीनं रोवणं करा, दोरी लावून ओळीत करा. आणि मग प्रत्यक्ष जपानी बाईच गावात आली! सारा गाव शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जमला. ग्रामसेवकानं तुमच्या हातात पऱ्ह्यांची, रोपांची पेंडी दिली, तुम्ही पाण्यानं भरलेल्या बांधीत पाय टाकला आणि बसकण मारलीत ती थेट चिखलात. तुम्ही तिथूनच बाबांना काहीतरी म्हणालात आणि बाबा पोट धरून हसले. जन्म शहरात गेला, धान ताटात पाहिलं तेवढंच, असं तुम्ही म्हणाला होतात. तेव्हा माझी घरवाली भागीरथा बांधीत उतरली, तुम्हाला हाताला धरून उठवलं आणि म्हणाली, "बाई, बसून नाई होत हे. माह्या मांगं वाका." चार-दोन दिवसांत तुम्ही रोवायला शिकलात. ग्रामसेवक म्हणाला की आता याला चांदा पद्धत म्हणावं लागेल.

संध्याकाळी तुम्ही माझ्या मशीनजवळ येऊन बसायच्या. मी मंडईच्या, दिवाळीनंतरच्या जत्रेच्या नाटकात बायांचे पार्ट करतो हे कळल्यावर गावाबाहेरचे लोक तोंडाला रुमाल लावतात. तुम्ही मात्र उठून मला वाकून नमस्कार केलात. तुमचे वडील फिरत्या कंपनीत बायकांचे पार्ट करायचे, कपड्यांच्या पेटाऱ्यांवर झोपून तुम्ही लहानाच्या मोठ्या झालात, हे सांगितलंत. त्या नाटकात बाईला जागा नव्हती म्हणून सोळाव्या वर्षी तुम्ही बोलपटात गेलात. वडिलांनी तुमचा एकही सिनेमा पाहिला नाही. म्हणत, सिनेमात नुसतं तोंड दिसतं, पाय दिसत नाहीत, आणि बाई असते ती पायात. हे वाक्य ऐकून मी मशीन थांबवली होती. आमच्या गुरूंनी मला हेच सांगितलं होतं, फक्त शिवी घालून.

म्हणून मी तुम्हाला आमच्या मंडळाची रीत सांगितली. ज्या बाईची चाल स्टेजवर घ्यायची, तिला आधी चोळीचा खण द्यायचा आणि विचारायचं. ती "घे" म्हणाली तरच घ्यायची. आणि गेलेल्या माणसाची चाल घ्यायची नाही, कारण तो "घे" म्हणायला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही भागीरथेपुढे रेशमी खण घेऊन उभ्या राहिलात. तुम्हाला सिनेमात मुलाला शोधत फिरणारी आई करायची होती आणि डोक्यावर भारा घेऊन चालणारी तिची चाल हवी होती. भागीरथा अशी लाजली की मी लग्नातही तिला तशी पाहिली नव्हती.

आता कामाचं. सिनेमात तुम्ही धुऱ्यावरून जाता आणि पुढं वाट दाखवायला एक मुलगी चालते, ती आमची वच्छला. तिची खोड तुमच्या लक्षात असेल. पुढं चालता चालता ती मध्येच थांबायची, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, पण मागं बघायची नाही. मागून भारा घेऊन येणाऱ्या आईनं "चाल, आली मी" म्हटलं की मगच पाऊल उचलायची. डायरेक्टरसाहेब ओरडले, ही काऊन थांबते म्हणून. तुम्ही भागीरथेकडून ते तीन शब्द घोकून घेतलेत आणि तुमच्या त्या गोड बोबड्या बोलीत म्हणालात, "चाल, आली मी." आणि पोर चालली.

त्या सिनेमातला तिचा एक फोटो पाठवावा. लहानसा असला तरी चालेल. तुमच्या फोटोवाल्या साहेबांनी तेव्हा वेगळा फोटो काढायचं म्हटलं होतं, पण पोर चिखलानं माखलेली होती. भागीरथा म्हणाली, "असा चिखलाचा फोटो कोनी काडते का? उद्या नवा परकर घालून देतो." उद्या पाऊस झोडपायला लागला आणि कंपनीनं सामान बांधलं. एवढं काम करावं.

आपला,
लटारू

बाबा, यापुढचं तुमच्यासाठी आहे, बाईंना सांगू नका. वच्छला आश्विनात गेली. हिवताप डोक्यात चढला आणि नागभीडच्या वाटेवर, बैलबंडीत, आईच्या मांडीवर गेली. तिचा एकही फोटो या जगात नाही. आहे तो त्या सिनेमात. भागीरथा रोज विचारते की सिनेमात ती कशी दिसत असेल. बाईंना तिचं जाणं कळवू नका. पृथ्वीच्या पाठीवर एका माणसाच्या लेखी तरी ती चालती राहू दे. याला खोटं म्हणत असाल तर म्हणा, पाप माझ्या माथी.


मोहटोला
९ मार्च १९५८

तोमीबाई,

तुमचं पत्र बाबांच्या अक्षरात मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुम्हाला वाचवलं नसतं. आजही राग पुरता उतरलेला नाही. रागाचं माणूस मी पहिल्यापासून आहे, हे तुम्ही ब्रह्मी लुंग्यांच्या वेळी पाहिलं आहेच.

सिनेमा लांबला म्हणून धुऱ्यावरचा तुकडा काढून टाकला असं तुम्ही लिहिता. तुम्ही स्वतः स्टुडिओत गेलात, कापाकापी करणाऱ्या माणसाला भेटलात, आणि त्यानं सांगितलं की अशा फिती धुऊन त्यातली चांदी काढून घेतात. म्हणजे माझी पोर कोणाच्या तरी चमच्याला लागली असेल. मी शिंपी आहे, बाई. कापड उरलं तर मी चिंधीसुद्धा फेकत नाही, गोधडीला ठेवतो. एवढी मोठी कंपनी, तिला एक वीतभर तुकडा ठेवता आला नाही?

तुमचा दोष नाही हे कळतं. तुमचाही पार्ट निम्मा कापला गेला, चालण्याचे सगळे प्रसंग गेले आणि रडणारं तोंड तेवढं ठेवलं, हे वाचून तुमच्या वडिलांची आठवण झाली. सिनेमा पडला आणि आता कंपनी तुम्हाला बोलवत नाही, तिशीच्या नट्यांच्या आयांचे पार्टसुद्धा तुमच्याहून तरण्या बाया करतात, हे वाचून वाईट वाटलं. माझंही तेच चाललं आहे. यंदाच्या मंडईला मुखरूभाऊंनी नागपूरहून खरी बाई आणली. गोरीगोमटी आहे, गळाही बरा आहे. मला हिरॉईनच्या बापाचा पार्ट दिला. मी म्हटलं, "भाऊ, तिच्या पायात बाई नाई." भाऊ म्हणाले, "लटारू, तुह्या तोंडावर तरी कुठी राह्यली आता?" लोक हसले, मीही हसलो. बापाचा पार्ट केला. तो मला काही जमला नाही.

तुम्ही आता घरात ठेवायच्या पेटीवर काम करता, रेडिओसारख्या, पण माणसं दिसणाऱ्या, हे बाबांनी दोनदा समजावून लिहिलं तेव्हा कळलं. चुकलं तर पुन्हा करायची सोय नाही, करता तेव्हाच सारा मुलुख बघतो आणि संपलं की काही उरत नाही. हे तर आमच्या मंडईसारखंच झालं. त्या पेटीत पाय दिसतात का, ते कळवा.

भागीरथेला मी फितीचं सांगितलेलं नाही. ती टपालवाल्याची सायकल ऐकली की हातातलं सूप खाली ठेवते. मी तिला म्हणालो की जपान लांब आहे. ती म्हणाली, "लांब हाये तं येवाले वेळ लागंन. येईन ना पर?" मी हो म्हटलं.

तुमच्या पत्राच्या शेवटी वच्छला किती वाढली असं विचारलं आहे. वाढली आहे.

लटारू

बाबा, शेवटची ओळ जशी आहे तशी सांगा.


मोहटोला
१८ ऑगस्ट १९५८

तोमीबाई,

तुमचं पार्सल आलं. मी शेजारगावच्या बाजारात मशीन घेऊन गेलो होतो. टपालवाल्यानं ते भागीरथेच्या हातात दिलं, आणि तिला वाचता येत नाही म्हणून त्यानंच पत्र वाचून दाखवलं. बिचारा चांगला माणूस आहे, गावातली सारी पत्रं तोच वाचून देतो. त्याला काय ठाऊक, आम्ही या पत्रांत काय लपवून ठेवलं होतं!

मी घरी आलो तेव्हा कापड उंबऱ्यावर उलगडून पडलं होतं. गडद निळं, बारीक पांढऱ्या बुट्ट्यांचं. तुमच्या वडिलांच्या पेटाऱ्यातलं, असं पत्रात आहे. बुट्टी हातावर घेऊन पाहिली, असं रंगकाम मी कधी पाहिलं नव्हतं. आणि पुढं तुम्ही लिहिलं आहे की हा वच्छलासाठी परकराचा खण आहे, तिच्या वाढत्या अंगाचा अंदाज धरून जास्तीचं कापड ठेवलं आहे, दुमड लटारूभाऊ घालतील.

भागीरथा भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "तू तिले तिकडं जित्ती ठेवलीस न् मले सांगतलंस बी नाई?"

मी कापड गोळा करू लागलो.

"न् फोटो?"

मग मी फितीचं सांगितलं. धुतली, चांदी काढली, सगळं सांगितलं. तिला ओरडायला हवं होतं. ती उठून बांधीत गेली. रोवणं चालू होतं, बाया वाट पाहत होत्या. ती त्यांच्यात जाऊन वाकली आणि दिवस मावळेपर्यंत वर उठली नाही. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. कापड तिनं पेटीत टाकलं आहे.

म्हणून बाबा, आता हे वाक्य बाईंच्या भाषेत करा. मी आजवर ते त्यांना लिहिलेलं नाही. तोमीबाई, आमची वच्छला मागच्या आश्विनात तापानं वारली. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ती गेलेलीच होती.

तुमच्या पत्रातली बाकीची हकीकत मी टपालवाल्याकडून पुन्हा ऐकली नाही, स्वतःच वाचली, आणि एकापेक्षा जास्त वेळा वाचली. पेटीवरच्या नाटकात तुम्हाला म्हातारीचा पार्ट होता. मरताना म्हातारी पुन्हा सात वर्षांची होते आणि घरच्या वाटेनं चालू लागते. रंग नाही, टोप नाही, तुमच्या या वयात नुसत्या चालीवर ती पोर उभी करायची. तुम्ही वच्छलाची चाल घेतलीत. मध्येच थांबलात, पायावर पाय ठेवलात, मागं पाहिलं नाही. आणि तिथं "चाल, आली मी" म्हणणारं कोणीच नव्हतं, कारण ते कोणाला सांगायचं तुम्हाला सुचलंच नव्हतं. तुम्ही तशाच उभ्या. सारा मुलुख पेटीपुढं बसलेला, कंपनीची माणसं पडद्याआडून हात हलवतात, आणि तुमचा पाय काही उचलेना. शेवटी तुम्हाला ते भागीरथेच्या आवाजात ऐकू आलं आणि मग तुम्ही चाललात. दुसऱ्या दिवशी लोकांनी पत्रं पाठवली, वडिलांचे एक जुने साथीदार काठी टेकत घरी आले आणि म्हणाले, आज तुझ्या बापानं पाहिलं असतं. एवढ्या वर्षांच्या नटीपणात हे प्रथम घडलं, असं तुम्ही लिहिता.

नट म्हणून सांगतो, वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बाप म्हणून सांगतो, मला तुमचा राग आला. मी घरात बसून तिचं तोंड आठवायचा प्रयत्न करतो आणि ते दर महिन्याला थोडं पुसट होतं. आणि तिकडं अनोळखी लोकांनी आमच्या पोरीला चालताना पाहिलं! आम्ही पाहिलं नाही.

तुम्ही आधी घेतलीत आणि मागून खण धाडून विचारता आहात. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून दोष लागत नाही. पण आता ठाऊक झालं. गेलेल्या माणसाची चाल घ्यायची नाही ही आमची रीत मीच तुम्हाला मोहाखाली बसून सांगितली होती. तेच नाटक पुन्हा करायला सांगत आहेत असं तुम्ही लिहिलंत. पार्ट करा, तुमचं पोट त्यावर आहे. वच्छलाची चाल करू नका. "घे" म्हणायला ती नाही.

लटारू


मोहटोला
१४ डिसेंबर १९५८

तोमीबाई,

तुमचं छोटं पत्र मिळालं. दोनच ओळींसाठी बाबांनी पूर्ण पान वाया घालवलं म्हणून मी मनात त्यांच्यावर चिडलो, मग वाचलं. दोन्ही ओळी भागीरथेला वाचून दाखवल्या. तुम्ही ते नाटक पुन्हा करायचं नाकारलंत, आणि वच्छलासाठी तुमच्या घरी वाटीभर भात ठेवलात. भागीरथेनं विचारलं, "कोन्ता भात? आपल्यावानी की चिकट?" मी म्हटलं, त्यांच्याकडचा चिकट असेल. ती म्हणाली, "चालंन."

मग बरेच दिवस काही नाही. कापणी झाली, भारे खळ्यावर आले, मळणी झाली. परवा दुपारी मी खळ्यावर जेवण घेऊन गेलो. ती तणसावर बसली होती. माझ्या हातून भाकर घेतली आणि ती तशीच हातात ठेवून म्हणाली, "त्या बाईनं कशी केली असंन तिची चाल?"

मी म्हटलं, "मले काय ठाऊक."

"तुले ठाऊक नाई तं कोनाले? करून दाखव."

मी तिला रीत सांगितली. आमच्या गुरूंची शपथ सांगितली. मी उभ्या जन्मात मोडली नाही, आता या वयात मोडायला लावू नको म्हटलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गेलेल्या मानसाले इचारता नाई येत म्हनून तुमची रीत. होये ना? मंग मी तिची माय हावो. तिले न्हाऊ घालतानी, जेवू घालतानी कोनं इचारलं तिले? मीच तं सारं केलो. आता बी मीच सांगतो." हातातली भाकर तिनं बाजूला ठेवली. "मले तिचं तोंड आठवत नाई, लटारू. आठवाले गेली का तापातलंच तोंड येते. पाय तेवढे आठवतेत. तेबी जातीन."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मला नावानं कधी हाक मारली नव्हती.

पण आधी खण, असं तीच म्हणाली. घरी गेलो. तिनं पेटीतून तुमचं निळं कापड काढलं. मी माप विचारलं. पोर गेली तेव्हा तिचं डोकं आईच्या कमरेशी लागत असे. भागीरथेनं हात कमरेवर ठेवला, मग जरा वर सरकवला आणि तिथं थांबवला. "आता इथपर्यंत असती," म्हणाली. मी त्या हातापासून माप घेतलं. बाई, तुमचं कापड बरोबर पुरलं. दुमड तुमच्या सांगण्याप्रमाणे मोठी घातली, पुढं सोडता यावी म्हणून. शिंप्याचा हात आहे, लहान मुलाच्या कपड्याला तो दुमड घालतोच. काल सकाळी परकर तयार झाला. तो तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "घे."

आम्ही धुऱ्यावर गेलो, तुम्ही चाललात त्याच. धान निघून गेलेलं, बांध्या कोरड्या, आजूबाजूला कोणी नाही. मी पुढं झालो. चांगला केस पांढरे झालेला धोतरातला माणूस मी. धोतराचा सोगा मुठीत धरला, तिचा परकर ती धरायची तसा, आणि चालू लागलो.

"हात तो नाई," मागून आवाज आला. "डावा."

हात बदलला.

"एवढे मोठे पाय नाई टाकत ती."

पुन्हा सुरुवातीला आलो, पुन्हा निघालो. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. माझ्या गुरूंनीही मला एवढं घासलं नव्हतं. "मान खाली नको, ती समोर पाहे." "घाई काऊन करतेस?" एकदा तर चिडून म्हणाली, "हे तं तू नागपूरच्या बाईसारखा चालून राह्यला." मला हसू आलं, तिलाही आलं. गेल्या वर्षात ती हसलेली मी पाहिली नव्हती.

मग एका खेपेला तिनं काही म्हटलं नाही. मी चालत गेलो. बोडीच्या तळ्याकडं धुरा वळतो तिथं पाय आपोआप थांबले. पायावर पाय चढला. मी स्टेजवर वीस वर्षं बाई झालो, पण तो पार्ट मी करतो आहे हे मला प्रत्येक वेळी ठाऊक असे. काल तिथं मला ठाऊक नव्हतं. मी मागं पाहिलं नाही. मागं शांत होतं. इतकं शांत की ती परत घरी गेली असं मला वाटलं. तुम्ही तुमच्या पेटीपुढं कशा उभ्या राहिला असाल ते तेव्हा समजलं.

मग तणसावर पाऊल वाजलं.

"चाल माय," भागीरथा म्हणाली, "आली मी."

मी चाललो. ती मागं येत होती. धुरा संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच गेलो, आणि संपल्यावर ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि मनसोक्त रडली. मीही रडलो, त्यात लपवायचं काय आहे? घरी येताना म्हणाली, "दिसली मले. पाठमोरी होती, पर दिसली."

म्हणून तोमीबाई, हे पत्र मी तिच्या सांगण्यावरून लिहितो आहे. ती शेजारी बसली आहे. तुम्ही विचारलेल्या गोष्टीला तिनं हो म्हटलं आहे. खण पोचला. ते नाटक पुन्हा करा, आणखी दहादा करा, आणि वच्छलाची चाल घ्या. फोटो आता नको. फोटोत ती उभी राहिली असती. भागीरथा म्हणते, "तिले उभी नोको ठेवू म्हना. चालू दे."

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक तर डावा पाय उजव्यावर, उजवा डाव्यावर नाही. तुमच्या पत्रावरून भागीरथेला शंका आहे की तुम्ही उलट केलं असेल. दुसरं, थांबल्यावर तुम्हाला पुढं नेणारं कोणीतरी मागं उभं करा आणि ते तीन शब्द त्याला आमच्याच बोलीत शिकवा. तिला तुमची भाषा कळायची नाही.

परकर पेटीत ठेवला आहे. पुढच्या वर्षी दुमड सोडावी लागेल.

आपला,
लटारू

बाबा, या खेपेला एकही ओळ गाळू नका.